खान्देशच्या उन्हात टिकणारं ठेंगणं हिरवं कुंपण: रोप निवडण्यापासून कात्रीपर्यंत

कंपाउंडच्या आतून कमरेएवढी, तळापासून गच्च भरलेली हिरवी ओळ असावी, हे घर बांधणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतं. आपल्याकडे कॉलनी-कॉलनीत अशा ओळी लागतातही. तीन वर्षांनी त्याच गल्लीतून परत चक्कर मारा. वर हिरवा झुबका, खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या, आणि त्या काड्यांमधून शेजारची कोंबडी निवांत ये-जा करतेय.

माझी पहिली ओळ अशीच होती. जळगावच्या वेशीवर, काळ्या जमिनीत, पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटून मी सोनेरी ड्युरांटा लावला होता. जुलैत लावला आणि दिवाळीपर्यंत तो इतका झकास वाढला की त्याला कात्री लावायला हात धजेना. शेजारच्या आप्पांनी आयुष्यभर केळी आणि कापूस केलेला. ते येता-जाता सांगायचे, "कापी टाक रे भो, डरू नको." मी डरलो. पुढच्या मे महिन्यात भिंतीकडची बाजू भाजून तपकिरी झाली, आणि जी झाडं वाचली त्यांना खालून पुन्हा पान फुटलंच नाही.

नंतर कळलं ते असं. कुंपणाचं झाड उंच वाढवायला काहीच अक्कल लागत नाही, ते आपोआप वाढतं. तळाशी भरवावं लागतं, आणि तळ भरायची संधी पहिल्या वर्षीच असते. बाकी सगळं, म्हणजे रोप कुठलं, खत किती, पाणी कधी, हे त्या एका कामाला मदत करण्यापुरतं.

आधी जमीन आणि पाणी तपासा

इंटरनेटवर कुंपणाची चित्रं पाहिली की त्यात बॉक्सवूड हमखास दिसतो. बारीक पानांचा, विटेसारखा कापलेला. तो थंड मुलखाचा गडी आहे. आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात त्याच्यावर पैसे घालू नका. आपल्याला झाड निवडायचंय ते तीन गोष्टी पाहून: माती, पाणी आणि दुपारचं ऊन.

माती काळी असेल तर तिचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात. निचरा पाहण्यासाठी दीड फूट खोल खड्डा करा, एकदा पाण्याने भरून जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ बघा. चार-पाच तासांनीही पाणी तसंच असेल तर झाड जमिनीत खोल न लावता वरंब्यावर लावायचं. ही तपासणी मे महिन्यात कोरड्या जमिनीत करू नका. भेगांमधून पाणी क्षणात गडप होतं आणि आपण समजतो, वा, काय निचरा आहे! दोन चांगले पाऊस पडून भेगा मिटल्या की मग करा.

चुनखडी आहे का हेही घरच्या घरी कळतं. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा जमिनीत एक्झोराच्या नादी लागू नये. नर्सरीत लालभडक फुलांनी भरलेला असतो, इथे आल्यावर सहा महिन्यांत पिवळा पडतो. पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी तापवल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर ते जड आहे. तापीकाठची काही शिवारं चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली, आहेत आणि तिथलं पाणी मचूळ लागतं. तिथे झाडाची निवड आणखी जपून.

तिसरी गोष्ट, ऊन. पूर्वेच्या भिंतीलगत जवळपास काहीही जगतं. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती दुपारी तापतात आणि रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतात. झाडाला पुढून सूर्य आणि मागून तवा. तिथे भिंतीपासून किमान दोन फूट अंतर सोडा. पुढे मागच्या बाजूने कात्री चालवायलाही तेवढी जागा लागतेच.

कुठलं झाड

घरासमोर, दोन ते चार फूट उंचीचं, बारमाही हिरवं आणि आटोपशीर कुंपण हवं असेल तर माझी पहिली पसंती कामिनी. जुनी माणसं हिला कुंती म्हणतात. पान गडद, तुकतुकीत, बारीक. चोळलं तर लिंबाच्या पानासारखा वास येतो, कारण कूळ तेच. कढीपत्त्याचीही ती नातेवाईक. वाढ सावकाश असते, आणि कुंपणासाठी हाच तिचा गुण, कारण दर महिन्याला कात्री घेऊन उभं राहावं लागत नाही. एकदा मूळ धरलं की ऊन सोसते. पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांनी लदबदते आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळतं. नर्सरीत तिचे दोन प्रकार मिळतात: मोठ्या पानाची, जी सोडली तर लहानसं झाडच होते, आणि बारीक पानाची बुटकी. दोन-अडीच फुटांचं कुंपण हवं असेल तर बुटकीच मागा. मोठ्या पानाची स्वस्त म्हणून घेतली तर जन्मभर तिच्याशी भांडत बसाल.

पण एक इशारा, आणि तो आपल्या भागात महत्त्वाचा. मोसंबी, कागदी लिंबू किंवा संत्र्याची बाग जवळ असेल तर कामिनी लावू नका. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारी सायला ही कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर फार खूश असते. कुंपण कापलं की कोवळी फूट येते, म्हणजे दर कापणीला आपण तिला जेवायलाच बोलावतो. बागेला लागून राहणाऱ्याने हा शौक सोडावा.

जमीन चोपण, पाणी खारट, किंवा रस्त्यावरून शेळ्यांचा कळप रोज जात असेल, तर डोळे झाकून कोयनेल. काही जण तिला कडू मेंदी म्हणतात. मूळची समुद्रकाठची असल्यामुळे खारं पाणी तिला नवीन नाही. पान कडू, शेळी तोंड लावत नाही. काडीपासून लागते, म्हणजे खर्च जवळपास शून्य. शाळांच्या, बसस्थानकांच्या आवारात जुनी कुंपणं दिसतात ती बहुधा हिचीच. तिचा दोष एकच: वाढीची घाई. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कापली नाही तर ती कुंपण राहत नाही, जंगल होते.

मुरमाड, उताराची जमीन आणि पाण्याची ओढ असेल तर जखमी हे झुडूप पाहा. नाव विचित्र आहे, झाड सोशिक आहे. पान लांबट, फिकट हिरवं, आणि एकदा रुळलं की पावसावरही तग धरतं. धुळ्याकडच्या हलक्या जमिनीत मी कामिनीऐवजी हेच सुचवेन. शेताच्या बांधाला काटेरी कुंपण हवं असेल तर करवंद: बारमाही हिरवं, डुक्कर-जनावराला दाद न देणारं, वर फळंही. घराच्या दारात मात्र नको, लहान मुलं असतील तर तर मुळीच नको. आपली नेहमीची मेंदी जुनी-जाणती आहे, ऊन सोसते, पण पाण्याचा ताण पडला की पानं गाळते, त्यामुळे बारमाही हिरवाईच्या शर्यतीत ती मागे पडते.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. सोनेरी ड्युरांटा दिसतो छान, पण त्याची नारिंगी फळं विषारी असतात आणि पाणी कमी पडलं की तो लगेच रुसतो. कण्हेरीइतकी काटक दुसरी कुणी नाही, पण तिचं पान, खोड, फूल सगळंच विषारी. गोठ्याजवळ कधीही नको, आणि कापलेल्या फांद्या वैरणीत जाणार नाहीत याची जबाबदारी आपली. त्या जाळूही नयेत, धूरही वाईट. जास्वंदीचं कुंपण कापसाच्या शेताला लागून करू नका. कापसावरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही सुखाने राहतो, आणि कापूस उपटला गेला तरी त्याचा मुक्काम तुमच्या दारात कायम.

नर्सरीत काय बघायचं

आपल्याकडच्या नर्सऱ्यांमधली बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमच्या बाजूने ट्रकने येतात, लाल मातीच्या गोळ्यात. रोप ताजं उतरलेलं असेल तर ते टवटवीत दिसतं, पण त्याने आपलं ऊन अजून पाहिलेलं नसतं. आणून लगेच लावू नका. आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवा, मग थोडं थोडं उन्हात सरकवा.

उंच रोपाच्या मोहात पडू नका. तीन फुटांचं, बांबूसारखं सरळ, वर चार पानं असलेलं रोप महाग मिळतं आणि कुंपणाला त्याचा उपयोग सर्वांत कमी. फूटभर उंचीचं, पण जमिनीपासून चार बोटांवरच दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील, किंवा रोप हलकेच उचलल्यावर खालून मुळांची गोल चुंबळ दिसत असेल, तर ते जुनं झालंय. नर्सरीवाला म्हणेल, "भाऊ, सगळी सारखीच आहेत." नसतात. एकेक हाताळून घ्या.

संख्येचा हिशोब सोपा. बुटकी कामिनी दीड फुटावर, कोयनेल एक फुटावर. ४० फूट लांबीच्या ओळीला, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फूट सोडून, कामिनीची २७ रोपं लागतात. घ्या मात्र ३०. वरची तीन मोठ्या पिशवीत वेगळी वाढवायची, कारण कापसात जशा नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरतो तशा कुंपणातही भराव्या लागतात, आणि वर्षभराने बाजारातून आणलेलं रोप ओळीतल्या भावंडांच्या उंचीला कधी पोचत नाही.

कोयनेल विकत घेऊ नका. ओळखीच्या कुणाच्या कुंपणाची छाटणी जुलैत चालू असेल तेव्हा जा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तपकिरी होऊ लागलेल्या काड्या निवडा, आठ-नऊ इंचांचे तुकडे करा, खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली घ्या, आणि दोन तृतीयांश काडी मातीत जाईल अशी खोचा. उलटी खोचली जाऊ नये म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवायची सवय लावून घ्या. ही साधी युक्ती मला तीस काड्या उलट्या खोचल्यावर सुचली. कामिनी अशी काडीवर सहजी लागत नाही; तिचं ताजं लाल फळ धुऊन, बी न वाळवता लगेच पेरावं लागतं, आणि त्या रोपांचं कुंपण बघायला धीर हवा.

चर, माती, लावणी

लावणीची वेळ आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैअखेरपर्यंत. मृगाच्या पहिल्या सरीवर भुलू नका. त्यानंतर आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते आणि ऊन मे महिन्यासारखंच लागतं. चर मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासच खणून ठेवा. तळाची माती महिनाभर उन्हात तापली की हुमणी आणि इतर किडींच्या अळ्या बऱ्याचशा संपतात.

सुटे खड्डे न करता सलग चर काढा, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. काळ्या जमिनीत एकेक खड्डा म्हणजे एकेक मडकं: पावसाचं पाणी त्यात साचतं आणि बाहेर पडायला वाट नसते. चराला एका टोकाकडे किंचित उतार द्या म्हणजे पाणी पुढे सरकतं. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरच्या मातीचे दोन वाटे, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा, आणि जमीन फारच चिकण असेल तर एक वाटा बारीक मुरूम किंवा जाड वाळू. दर तीन फुटांना ओंजळभर निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याचा वास आला तर ते कच्चं आहे. त्यात हुमणी येते आणि वाळवीही. असं खत घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

चर जमिनीच्या पातळीपेक्षा अर्धा फूट वर येईपर्यंत भरा. फार वाटतं, पण दोन पावसांत माती दबते आणि वरंबा जेमतेम चार बोटं उरतो. तेवढाच हवा.

आता रोप. आदल्या दिवशी पिशव्यांना भरपूर पाणी द्या. पिशवी ब्लेडने उभी चिरा, ओढून काढू नका. गोळा लाल चिकणमातीचा असेल तर इथे थांबा, कारण बहुतेक रोपं इथेच मरतात आणि मालकाला ते वर्षभर कळत नाही. लाल गोळा आणि भोवतीची काळी माती पाणी वेगवेगळ्या वेगाने ओढतात. भोवतालची माती ओली दिसते आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा राहतो. मूळही त्या गोळ्यातच फिरत बसतं. म्हणून गोळ्याच्या बाजूंनी चाकूने तीन-चार उभे ओरखडे काढा, बाहेरची दोन बोटं माती हाताने हलकेच मोकळी करा, आणि मुळांची टोकं बाहेर दिसू द्या. मुळं दुखावतील ही भीती रास्त आहे, म्हणूनच हे काम ढगाळ दिवशी, चारनंतर करायचं. गोळ्याचा वरचा काठ जमिनीच्या पातळीला यावा. खोडावर माती चढवू नका.

दोरी बांधून लावा. नजरेने सरळ लावलेली ओळ वर्षभराने नागमोडी दिसते. भक्कम आडोसा हवा असेल तर दोन ओळी, एक फूट अंतरावर, एकीतली झाडं दुसरीतल्या फटींसमोर येतील अशी. घरापुढे मात्र एक ओळ पुरे. दोन ओळींच्या मध्ये कचरा, पालापाचोळा आणि सापाला जागा होते.

पहिल्या वर्षीची कात्री

कोयनेलची रोपं लावली असतील तर लावल्या दिवशीच जमिनीपासून सहा इंचांवर सरळ कापून टाका. हो, लावल्या दिवशीच. कामिनीला महिनाभर बसू द्या. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास तिला नवी फूट आलेली असते. तेव्हा प्रत्येक रोपाचा मधला शेंडा आठ-दहा इंचांवर खुडा.

असं केल्याने नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. शेंड्यातली कळी खालच्या कळ्यांना दाबून ठेवत असते. शेंडा गेला की पंधरा दिवसांत कापाखालच्या पानांच्या बेचक्यांतून तांदळाएवढे हिरवे ठिपके डोकावतात, महिन्याभरात एका काडीच्या तीन काड्या होतात. त्या तिन्ही चार-पाच बोटं वाढल्या की प्रत्येकीचा अर्धा भाग पुन्हा काढा. तीनाच्या आठ-नऊ होतात. झाड उंचीला तेवढंच, पण तळाशी घट्ट. हे गणित लावल्यापासून पहिल्या आठ महिन्यांतच सोपं असतं, कारण खालची काडी तेव्हा कोवळी आणि पानाने झाकलेली असते. एकदा ती जून झाली आणि सावलीत तिची पानं गळली की तिथून फूट काढणं जिकिरीचं.

मी तीन वेळा कापतो: कानबाईला एकदा, नवरात्र संपलं की दुसऱ्यांदा, आणि संक्रांत उलटल्यावर अगदी हलकी तिसरी. थंडीत वाढ मंद असते, म्हणून तिसरीत फक्त पुढे आलेले शेंडे. तिच्यानंतर कात्री घरात ठेवून द्यायची ती थेट पावसाळ्यापर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये कुंपण नीटनेटकं करायचा मोह होतो, पाहुणे येणार असतात, लग्नसराई असते. नका करू. बाहेरची पानं काढली की आतली सावलीतली कोवळी साल एकदम उन्हापुढे येते आणि भाजते.

कापताना आकार असा ठेवा की तळ रुंद आणि माथा अरुंद. तळाला दोन फूट असेल तर माथ्याला दीड. नवीन माणूस, आणि रोजंदारीवरचा माळीसुद्धा, नेहमी उलटं करतो, कारण उभं राहून कापताना हात खाली पोचत नाही आणि खालची बाजू आपोआप जास्त कातरली जाते. माथा रुंद झाला की तळाला सावली पडते, आणि कोंबडीची वाट पुन्हा मोकळी. दोन्ही टोकांना काठ्या रोवून उंचीची एक दोरी आणि तळाची एक दोरी बांधा, मग कापा. डाळिंब-द्राक्षाला वापरतात तो सिकेटर पहिल्या वर्षी पुरतो; मोठी कुंपणकात्री दुसऱ्या वर्षापासून. पातं धारदार हवं. बोथट पात्याने काडी चिरडते आणि कापाच्या टोकाला तपकिरी कड येते.

कामिनीची फुलं हवी असतील तर सूट द्यावी लागते. दर वेळी शेंडे कापले तर फुलं येणारच नाहीत. पहिलं वर्ष फुलं विसरा. दुसऱ्या वर्षापासून जूननंतरची एखादी कापणी टाळा आणि बहर ओसरल्यावर कापा.

पहिला उन्हाळा

ठिबक लावा. केळीच्या मुलखात हे सांगायची गरज नाही, पण घराच्या कुंपणाला मात्र आपण पाइप हातात धरून पाणी मारत बसतो. १६ मिलिमीटरची लॅटरल नळी, प्रत्येक झाडाला तासाला चार लिटरचा एक ड्रिपर. २७ झाडांना तासाला १०८ लिटर होतात. दोन मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब एवढ्या लांबीला पुरतो. टाकीपाशी छोटा फिल्टर बसवा. जड पाण्याने ड्रिपर बुजतात, ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले की बरेचसे मोकळे होतात.

फेब्रुवारीपासून पहिल्या वर्षीच्या झाडाला दिवसाआड तास-सव्वा तास ठिबक, म्हणजे चार-पाच लिटर. काळ्या जमिनीत यापेक्षा वारंवार दिलं तर मूळ वरच राहतं आणि कुजतंही. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र रोज, पण निम्मं. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: ड्रिपरपासून वीतभर अंतरावर माती दोन बोटं उकरा, खाली ओल असेल तर आज पाणी नाही. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाबरू नका. संध्याकाळी सातला ताठ झाली तर ते फक्त उन्हाचं होतं. सकाळी सहालाही मलूल असतील तर खरोखर तहान आहे, नाहीतर मूळ कुजलंय.

बुंध्याभोवती तीन-चार इंच जाडीचं आच्छादन घाला. केळीची वाळलेली पानं यासाठी छान. उसाचं पाचटही चालतं. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे तुकडे घातलेत तर वाळवीवर लक्ष ठेवा. खोडाला चिकटून काहीच नको, चार बोटं मोकळी जागा. जमिनीला भेग दिसली की ती तिथल्या तिथे मातीने बुजवा.

पश्चिमेच्या ओळीला पहिल्या एप्रिल-मेपुरती हिरवी जाळी, ५० टक्के सावलीची, झाडांच्या पश्चिमेला उभी ताणा. वरून झाकायची गरज नाही. त्रास सकाळच्या उन्हाचा नसतो, दुपारी दोननंतरच्या उन्हाचा असतो.

पान पिवळं पडलं तर

कुठलं पान, हा पहिला प्रश्न. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे: शेणखत, किंवा चिमूटभर युरिया ओल्या मातीत. चिमूटभरच, कारण जास्त युरियाने लुसलुशीत फूट येते आणि किडींना मेजवानी होते. पण शेंड्याची नवी पानं पिवळी, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, अशी जाळी दिसली तर तो लोहाचा प्रश्न. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून लगेच, संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. भिंत आणि फरशी वाचवा, हिराकसाचे तांबडे डाग निघत नाहीत, हे मी सौभाग्यवतींच्या मुद्रेवरून सांगू शकतो. मुळातून द्यायचं असेल तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. साधं ईडीटीएचं चुनखडीत टिकत नाही.

पानांवर काजळीसारखा काळा थर आणि मुंग्यांची रांग दिसली तर दोष मुंग्यांचा नाही. वर कुठेतरी पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बसलेली असते आणि तिच्या गोड स्रावावर काजळी चढते. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि त्या फांद्या कापून टाकणं पुरतं. नाहीच आटोपलं तर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल, त्यात थोडा द्रवरूप साबण, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. मे महिन्यात तेलाची फवारणी टाळा, पानं करपतात.

जुनी, खालून उघडी झालेली ओळ असेल तर

दुसऱ्या वर्षी कोयनेल कमरेला येते, कामिनीला तिसरं वर्ष लागतं. त्यानंतर काम थोडं: जुलैत दर तीन फुटांना घमेलंभर शेणखत, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड आठ-दहा लिटर पाणी, आणि दर कापणीत मागच्या कापापेक्षा अर्धा इंच वर कापायची सवय, म्हणजे एकाच जागी गाठी होत नाहीत.

पण तुमच्याकडे आधीच ती काड्यांची ओळ उभी असेल तर उपटायची घाई करू नका. कोयनेल असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर ती गुडघ्याखाली, फूटभरावर पूर्ण कापा. दोन महिन्यांत झाकून निघते. कामिनीला एवढा धक्का देऊ नये. तिची या जुलैत फक्त एक बाजू आत खोडापर्यंत कापा, दुसरी बाजू आणि माथा तसाच राहू द्या, म्हणजे झाडाला जेवण करायला पानं उरतात. कापलेल्या बाजूला फूट येऊन ती भरली की पुढच्या जुलैत दुसरी बाजू, आणि माथा त्यानंतर. माझ्या जुन्या ओळीतली ड्युरांटाची चार झाडं कशीबशी वाचली होती, ती मी पहिल्या दमदार पावसानंतर फूटभरावर कापून पाहिली. तीन फुटली. चौथ्याच्या जागी आता पिशवीतली राखून ठेवलेली कामिनी उभी आहे, आणि कोंबडी समोरच्या घरातून येते.